चार देशांत नसलेलं कलम

आमचे साहेब कुणाच्या घरी गेले की सगळ्यांसारखी दारावर टकटक करायचे, पण दार उघडल्यावरही त्यांची टकटक थांबायची नाही. यजमान समोर उभे राहून "या, या" म्हणतायत आणि साहेब दाराला कान लावून बोटाच्या पेरानं वरपासून खालपर्यंत ठोकतायत. मग मान हलवून म्हणायचे, "मधी पोकळ हाय. कुणाकडून घेतलात?" चहा यायच्या आत यजमानांचं तोंड उतरलेलं असायचं. नवं घर बांधलं तर वास्तुशांतीला यांना बोलवायचं नाही, असं पेणमध्ये न बोलता ठरूनच गेलं होतं.

साहेब राहायला पेणला आणि नोकरीला रोह्याला. रेल्वे तेव्हा रोह्यापर्यंत आली नव्हती, त्यामुळे रोज एसटी. गाडी लागण्याचा त्यांना भयंकर त्रास. सरळ रस्त्यावर नुसते गप्प बसायचे, वळण आलं की डोळे पांढरे. आणि उंचीची भीती तर अशी, की कंपनीच्या माळ्यावरचा माल तपासायचा असला तर शिडीच्या पायथ्याशी उभे राहून ओरडायचे, "खाली टाका रे, इथं बघतो." अशा माणसाच्या हातात देवानं विमानाचा प्लाय दिला होता.

हे सांगितलं की आजही लोक माझ्याकडे संशयानं बघतात. विमान काय प्लायचं असतं का? असतं. म्हणजे तेव्हा असायचं. मुलं उडायला शिकायची ती बिनइंजिनाच्या ग्लायडरमध्ये, आणि ग्लायडर असायचं लाकडाचं. त्याच्या पंखांवर पापडासारखा पातळ, पण वाकवला तरी न मोडणारा प्लाय चढवलेला असायचा. रोह्याबाहेरच्या आमच्या कंपनीत टेबलं आणि कपाटांचा प्लाय व्हायचा, त्याच्या एका कोपऱ्यात शेठनी हौसेनं हा विमानाचा विभाग काढला होता. गोंद लावलेले पापुद्रे तापवून दाबणारी एक हॉट प्रेस, ती चालवणारा खांब गावचा गणू, आणि माल तपासायची एक खोली. त्या खोलीला आम्ही लॅब म्हणायचो. साहेब तिचे मुख्य आणि मी रोह्याच्या मास्तरांची बी.एस्सी. झालेली मुलगी, त्यांची मदतनीस.

शेठनी सुरुवातीलाच एक चूक केली. त्यांनी साहेबांना चार देशांची मानकं आणून दिली. ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन आणि आपलं भारतीय. विमानाचा प्लाय कसा असावा, गोंद कसा धरला पाहिजे, गाठ चालेल की नाही, लाकडाची रेषा किती तिरपी चालेल, हे प्रत्येक देशानं आपापल्या परीनं लिहून ठेवलेलं. गिऱ्हाइकाला चारपैकी कुठलंही एक मानक चालणार होतं. तेव्हा शेठचं गणित सोपं होतं: चारही वाचा, त्यातलं सगळ्यात सोपं कुठलं ते शोधा आणि माल पास करून मोकळे व्हा.

साहेबांनी चारही वाचली. मग लॅबच्या भिंतीवर काळा रंग मारलेला एक भलामोठा प्लाय ठोकून घेतला, त्यावर खडूनं चार रकाने आखले आणि कलमासमोर कलम मांडत गेले. महिनाभर लॅबमध्ये दुसरं काम नाही. एक देश म्हणतो, तुकडा पाण्यात उकळा आणि मग ओढून बघा. दुसरा म्हणतो, नुसता भिजवा. तिसरा म्हणतो, सुरी घालून पापुद्रे उचका आणि लाकूड फाटतंय की गोंद सुटतोय ते बघा. आपलं भारतीय म्हणतं, ओल्या भुशात गाडून ठेवा आणि बुरशी लागते का पाहा. साहेबांना एकेका देशाचा स्वभाव दिसायला लागला. ब्रिटिश म्हणजे त्यांच्या लेखी थोरले काका, बोलणार कमी पण सोडणार काही नाही. जर्मन म्हणजे गणिताचे मास्तर. अमेरिकन म्हणजे मुंबईचे जावई, लाकूड कुठलंही आणा, आकडा आला म्हणजे झालं.

"आणि आपलं भारतीय?" मी विचारलं.

"ती आय गो," साहेब म्हणाले. "तिलाच एकटीला ठाऊक हाय, श्रावणात चपलेला बुरा येतो तो."

शेठ मुंबईहून आले आणि फळ्यासमोर उभे राहिले. "मग? सर्वांत सोपं कुठलं निघालं?"

साहेब म्हणाले, "चारही लावायची."

शेठना वाटलं गंमत चालली आहे. गंमत नव्हती. साहेबांची पद्धत ठरली ती अशी, की प्रत्येक लॉटमधला एकच तुकडा घ्यायचा आणि तोच चारही देशांतून फिरवायचा. आधी काकांच्या टोपात उकळायचा, मग मास्तरांच्या हिशेबानं वाकवायचा, मग आईच्या भुशात गाडायचा, आणि बाहेर काढून जावयाच्या यंत्रावर ओढायचा. शेवटी तो बिचारा तुकडा यंत्रात अडकवायच्या आधीच हात जोडायचा.

आता, चारही मानकांत स्वच्छ लिहिलेलं होतं की प्रत्येक चाचणीला नवा तुकडा घ्यावा. मी बी.एस्सी.च्या जोरावर ते त्यांना दाखवलं.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विमानाला दर चाचणीला नवा पंख कोण देतो गो? ऊन खाल्लं तो पंख वेगळा आणि पावसात भिजला तो वेगळा, असं असतं काय?"

मी मानक मिटून कपाटात ठेवलं. पण परिणाम असा झाला की आमच्या विभागात काही म्हणजे काही पास होईना. गणू प्रेसमधून आरशासारखा माल काढायचा, आम्ही त्याचा तुकडा टोपात टाकायचो, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्याचा लगदा झालेला असायचा. गणू लॅबच्या दारात येऊन उभा राहायचा. "काय सायेब, मेला?" साहेब मान हलवायचे. गणू टोपी काढायचा, कुणाच्या मयताला आल्यासारखा थोडा वेळ थांबायचा आणि परत जायचा.

एकदा उकळायची चाचणी अर्ध्यावर असताना वीज गेली. चाचणी मध्येच थांबवणं कुठल्याच देशाला मान्य नाही. साहेबांनी टोप फडक्यानं धरला आणि थेट गेटसमोरच्या हॉटेलात नेऊन भट्टीवर ठेवला. हॉटेलवाला भला माणूस, त्यानं चहाचं भांडं बाजूला सरकवलं. पण दुपारच्या शिफ्टचे लोक चहाला आले आणि त्यातल्या एकानं टोपात डोकावून "ही कसली भाजी हाय?" म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "विमान हाय." त्या माणसानं चहा घेतला आणि बाहेर उभं राहून प्यायला.

नापास मालाचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न. माल तसा वाईट नव्हता, उलट बाजारातल्या कुठल्याही प्लायपेक्षा दसपट चांगला. पण साहेबांची अट होती की जे उडतं आणि जे तरंगतं त्याला हा प्लाय जाता कामा नये. होडीवाले आले, त्यांना परत पाठवलं. शेवटी पेणच्या गणपतीच्या कारखानदारांनी तो उचलला. मूर्ती वाळत ठेवायला फळ्या आणि मूर्तीखाली पाट. अशा रीतीनं रायगड जिल्ह्यातले बरेच गणपती काही वर्षं विमानाच्या पंखावर बसून घरोघर गेले.

त्या वर्षांत साहेब गणेशोत्सवात अतिशय भाविक झाले. ओळख असो नसो, ज्या घरी पेणचा गणपती तिथे हे दर्शनाला हजर. गुडघे टेकून इतका खाली वाकायचे की कपाळ चौरंगाला लागायचं, आणि उठायचं नाव नाही. माझी आत्या पेणला दिलेली, ती मला कौतुकानं सांगायची, "गो, तुझा सायेब म्हंजे देवमाणूस. असा नमस्कार घालताना मी कुणाला बघितला नाय." मी काय बोलणार? साहेबांचे हात जोडलेले असायचे आणि डोळे पाटाच्या कडेवर. पापुद्रा सुटलाय का ते बघत असायचे. कुणाचं लक्ष नसेल तर अंगठ्याचं नखही घालून बघायचे.

विसर्जनाच्या दिवशी तर विचारूच नका. आपल्याकडे मूर्ती पाण्यात जाते आणि पाट परत येतो, त्यावर पाण्याकाठची चिमूटभर वाळू ठेवून तो घरी आणायचा, त्याची आरती करायची. लोक डोळे पुसत, रिकामा पाट घेऊन परतताहेत आणि साहेब वाटेत उभे. "जरा बघू." पाट हातात घेऊन उन्हाकडे धरायचे, कडा चोळायचे, वास घ्यायचे. वाळू सांडली म्हणून एकदा एका बाईनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत आले ते खुशीत. "खाडीत बुडवून आणलेला पाट बघितला गो. एक पापुद्रा हलला नाय." मी म्हटलं, "मग आता तरी पास करा." तर म्हणाले, "देव पाटावर दहा दिवस बसतो. खाली पडला तर चौरंगावर पडंल. पोरगं कुठं पडंल?"

हे ऐकलं की माझी चिडचिड व्हायची. कारण बोलायला ते बरोबर असायचे आणि इकडे विभागाचा जीव चालला होता. शेठनी साफ सांगून टाकलं होतं: येत्या दिवाळीपर्यंत विमानाच्या प्लायचा एक लॉट पास होऊन गिऱ्हाइकाकडे गेला नाही तर विभाग बंद. गणूची प्रेस दरवाजांच्या कामाला जाणार, लॅबला कुलूप. साहेबांना कुठेतरी गोदामावर बसवतील. आणि मी घरी. माझ्या बाबांनी मला नोकरीची परवानगी दिली होती ती "आहे तोवर कर" अशा शब्दांत. नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून पाहुणे मला बघायला येणार, मी पोहे करणार आणि बी.एस्सी.ची पदवी भिंतीवर लटकणार, हे मला उघड दिसत होतं; गणूजवळ एकदा तसं बोललेही होते. मला ती लॅब हवी होती. टोपातल्या उकळत्या लाकडाचा वास, तो फळा, यंत्राचा चढत जाणारा काटा, सगळं मला मनापासून आवडायचं. हे मात्र मी कुणाला बोलले नव्हते.

त्या पावसाळ्यात गणूनं काय जादू केली कोण जाणे. गोंद बदलला, दाब बदलला, लाकूड नीट वाळवलं, आणि एक लॉट काढला. तुकडा टोपात गेला, बाहेर आला. वाकवला, वाकला. भुशात गाडला, तीन आठवड्यांनी काढला तर बुरशीनं त्याला तोंड लावलेलं नाही. यंत्रावर लावला. काटा चढत गेला, चढत गेला, आणि आकड्याच्या पुढे जाऊन थांबला. साहेबांनी तुकडा काढला, फुटलेली कड भिंगाखाली धरली. गोंद जागेवर होता, लाकूड फाटलं होतं. चारही देश एकाच तुकड्यावर राजी.

गणूनं पेढे आणले. शेठना फोन गेला. मी प्रमाणपत्र टाइप करून साहेबांसमोर ठेवलं आणि पेन उघडून हातात दिलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "थांब गो. कायतरी राहिलंय."

आठवडाभर ते मानकं पुढून मागे आणि मागून पुढे वाचत बसले. ब्रिटिशांची परिशिष्टं, जर्मनांच्या तळटिपा. काय शोधताय म्हणून विचारलं तर हातानंच थांब म्हणायचे. गणूचे पेढे संपले. शेवटी एका सकाळी मी लॅबमध्ये आले तर साहेब फळ्यासमोर उभे. चार रकान्यांच्या शेजारी त्यांनी पाचवी रेघ ओढली होती आणि त्या रकान्यात एकच ओळ लिहिली होती: सही करणाऱ्याने त्या विमानात प्रथम बसावे.

"चार देश शोधले," ते म्हणाले. "लाकडाचं लिहिलंय, गोंदाचं लिहिलंय, टोपातल्या पाण्याचं लिहिलंय. सही करणारा कुठं असंल, ते एकानं लिहिलेलं नाय."

आणि त्यांनी पेन्सिल घेऊन प्रमाणपत्रावर सही केली. पेन्सिलीनं! म्हणाले, ही कच्ची. एक विमान बांधा, मी बसतो, मग शाईची देतो.

शेठ आले तेव्हा त्यांचा आवाज गेटपर्यंत ऐकू येत होता. पेन्सिलीच्या सहीवर माल कोण घेतो? साहेब खाली मान घालून ऐकत होते, पण खोडरबर काही हातात घेत नव्हते. अखेर शेठनी हताश होऊन गिऱ्हाइकाला फोन लावला. ग्लायडरवाल्यांचा कॅप्टन म्हणून एक हसरा, मिशीवाला गृहस्थ होता. त्याला सगळं सांगितल्यावर तो फोनवरच खो खो हसला. म्हणाला, अशी अट आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय, मला ती पसंत आहे. दोन माणसांचं एक ग्लायडर या प्लायचं बांधतो. तुमचे साहेब येऊन मागच्या सीटवर बसू देत. शाईची सही झाली तर उरलेला सगळा लॉट माझा, आणि पुढचेही. नाही झाली तर सगळा माल परत.

शेठनी फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हा माणूस शिडी चढत नाही, आणि मी त्याच्या भरवशावर कारखाना चालवतोय."

ग्लायडर बांधायला काही महिने गेले, म्हणून शेठनी दिवाळीची मुदत नाइलाजानं पुढे ढकलली. त्या काळात साहेब वजन उतरल्यासारखे दिसू लागले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला पेणच्या बाजारात भेटल्या आणि बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय गो, ह्यांना काय झालंय? झोपेत पलंग घट्ट धरून ठेवतात." मी सांगितलं. वहिनींनी भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लग्नाआधी मला बघायला आले आणि आधी आमचा पाट ठोकून बघितला. तवाच ओळखायला पायजे होतं."

शेवटी निरोप आला. ग्लायडरचं मैदान घाटावर. आम्ही तिघं निघालो, साहेब, गणू आणि प्रमाणपत्राची पिशवी धरून मी. शेठ मोटारीनं परस्पर येणार होते. खोपोलीच्या घाटात साहेबांचं जे व्हायचं ते झालं. दोनदा गाडी थांबवावी लागली, आणि दुसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "एवढं लागतंय तर काका, जाता कशाला?" साहेब रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "विमानात बसायचंय." कंडक्टरनं त्यांना पुढची सीट दिली, घाबरून.

मैदानावर ते ग्लायडर एका पंखावर कललेलं उभं होतं. पांढरा रंग, लांबच लांब पंख. आमचा प्लाय त्या रंगाखाली होता, हे माहीत असूनही मला खरं वाटेना. गणू त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, इंजिन बसवायचं राहिलंय वाटतं."

"याला इंजिन नसतंच गणूदादा."

"नसतंच?" गणूनं साहेबांकडे पाहिलं. "सायेबांना ठाऊक हाय?"

साहेबांना ठाऊक होतं. ते पंखाच्या टोकापासून निघाले आणि ठोकत ठोकत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. कॅप्टन कमरेवर हात ठेवून मजेत बघत होता. "मग, पास?" त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, "खाली उभं राहून पास." मग दोन पोरांनी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. पट्टे आवळले. त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि चष्मा. मला वाटलं ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलतील, पण चष्मा सरळ समोर रोखलेला होता. वरचं काचेचं झाकण बंद झालं.

दूरवर तार गुंडाळून ग्लायडर ओढणारं यंत्र सुरू झालं, तार ताणली गेली, आणि ते ग्लायडर गवतावरून चार उड्या मारून असं उभं आभाळात चढलं की शेजारी शेठनी "अरे, अरे, अरे" म्हणत माझा दंड पकडला. तार सुटली. आवाज थांबला. वर नुसतं ते पांढरं पान तरंगत राहिलं.

एक फेरी मारून उतरायचं ठरलं होतं. फेरी झाली, ग्लायडर खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेलं. मैदानावरचा एकजण आनंदानं म्हणाला, "वर चढणारी हवा लागली! आता कॅप्टन लवकर येत नाही." त्याला बोलायला काय जात होतं. गणूनं टोपी काढली आणि छातीशी धरली. "माझ्या हातचा हाय ताई," तो पुटपुटला, "माझ्या हातचा हाय." ते पान वळलं तसा एक पंख खाली झुकला. इतकी वर्षं मी साहेबांच्या कलमांना हसत आले होते, घरी नकला करून दाखवत आले होते. त्या घडीला मला वाटलं, अजून चार देश असते तर बरं झालं असतं. जपान असतं, रशिया असतं. सगळ्यांच्या टोपात तो तुकडा उकळून घेतला असता. नोकरी, पाहुणे, पोहे, काही मनात आलं नाही. त्या म्हाताऱ्याला खाली आण, एवढंच मी देवाला म्हणत होते.

बऱ्याच वेळानं ग्लायडर खाली आलं. गवताला टेकलं, घसरलं, थांबलं आणि दमल्यासारखं एका पंखावर कललं. आम्ही धावत सुटलो. कॅप्टन उतरून टोपी हलवत होता. "काय शांत माणूस आहे हो! एक शब्द बोलला नाही." साहेबांना तिघांनी उचलून बाहेर काढलं. ते गवतावर बसले, मग आडवे झाले, मग पुन्हा बसले. चेहरा चुन्यासारखा. गणूनं पाणी दिलं ते अर्धं सांडलं.

"कागद," साहेब म्हणाले.

मी पिशवीतून प्रमाणपत्र काढून त्याखाली पुठ्ठा धरला. त्यांचा हात इतका थरथरत होता की पेन कागदाला टेकेना. शेठना दया आली असावी. ते म्हणाले, "राहू दे, साहेब. चहा घ्या, शांत व्हा, सावकाश सही करा."

"नको. आत्ताच. मी शांत झालो की मला अजून एक कलम सुचंल."

आणि त्यांनी पेन्सिलीच्या सहीवरून शाईची सही ओढली. ती सही म्हणजे नुसती एक वेडीवाकडी रेघ होती, खाली नाव टाइप केलेलं नसतं तर कुणाची म्हणून ओळखता आली नसती. कॅप्टननं कागद घेतला, फुंकर घालून वाळवला आणि जपून खिशात ठेवला. गणू लहान मुलासारखा रडत होता.

परतीच्या एसटीत शेजारी साहेब होते आणि पलीकडे एक अनोळखी बाई. गणूला मागे जागा मिळाली. घाट अजून यायचा होता आणि साहेब जरा माणसात आले होते. मला राहवेना. रोह्यात कुणीच कधी बघितलं नाही ते बघून हा माणूस आला होता.

"साहेब, वरून कसं दिसतं हो?"

"ठाऊक नाय."

"म्हणजे?"

"डोळे मिटलेले होते. बसल्यापासून उतरेपर्यंत."

मी बघतच राहिले. टोपातलं पाणी एकदा कमी पडलं तर सगळी चाचणी पहिल्यापासून करायला लावणारा हा माणूस! "साहेब," मी म्हटलं, "मग ही चाचणी झाली कशी? कलम?"

"कलमात बसायचं लिहिलंय. बघायचं लिहिलेलं नाय." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मीच लिहिलंय. मुद्दाम ठेवलंय तसं."

"मुद्दाम?"

"खाली बघितलं असतं तर सही झाली नसती गो, कुणी कितीबी सांगू दे. मला माझा स्वभाव ठाऊक हाय. आणि सही झाली नसती तर तुझ्या बापसानं दुसऱ्या दिवशी पाहुणे बोलावले असते. गणू बोललेला मला." त्यांनी चष्मा परत लावला. "चांगली मुलगी. काटा वाचायला कुणाला येतो असा?"

तेवढ्यात घाट लागला आणि साहेबांनी रुमाल तोंडाशी धरला. मी खिडकीकडे तोंड केलं, पण हुंदका काही आवरला नाही. पलीकडच्या बाईला वाटलं मलाही गाडी लागली आहे. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून मला आवळासुपारी दिली, आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.